नवं विंडोज आल्यापासून माउस अडतोय

प्रश्न : काका, नमस्कार. नंदगडात आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. शेतजमिनीचे पहाणी उतारे, जातीचे-उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या स्कॉलरशिपचे अर्ज आणि लग्नसराईत पत्रिका, असं सगळं करतो. दिवाळीच्या सुट्टीत भाच्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोज १० च्या जागी ११ घातलं. फॉरमॅट केलं नाही, वरच्यावर अपग्रेड केलं. त्याआधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतला, त्यामुळे गेलं काहीच नाही. पण तेव्हापासून वायरलेस माउसनं जीव नकोसा केलाय. बाण मध्येच थबकतो आणि मग एकदम उडी मारून भलतीकडे जातो. गिऱ्हाईक नसताना थोडा वेळ हात लावला नाही तर पार मेल्यासारखा पडतो, दोन-तीनदा क्लिक केलं की हलतो. सेल बदलून झाले. खानापुरातून दुसरा नवा माउस आणला, त्याचंही तेच. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, अपग्रेड नीट बसलेलं नाही, फॉरमॅट मारूया. इकडे माणसं खोळंबतात, "अजून किती येळ ओ ताई?" म्हणतात. काय करू?
– एक भगिनी, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : ताई, फॉरमॅट करू नका. निदान माउससाठी तरी नकोच.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी फार कामाच्या आहेत. नवा माउस आणला तरी तेच होतंय, म्हणजे माउस आणि सेल दोघेही सुटले. दुसरी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण माझा सगळा संशय तिच्यावरच आहे : ती बाहेरची हार्ड डिस्क. डेटा घेतल्यावर ती काढून कपाटात ठेवली, की अजून लावलेलीच आहे? आणि माउसचं नखाएवढं डोंगल, म्हणजे माउसचा संदेश पकडणारी ती यूएसबीची चिमुकली पिन, तिच्या शेजारच्याच पोर्टमध्ये आहे का?

असेल, तर तुमचा अर्धा आजार तिथंच आहे. तुमच्याकडच्यासारखे बहुतेक वायरलेस माउस रेडिओच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३ ची, म्हणजे नव्या वेगवान जोडणीची हार्ड डिस्क काम करायला लागली की तिच्या केबलमधून आणि पिनेच्या जोडापासून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. इंटेलनं २०१२ सालीच यावर सविस्तर कागद काढला होता, त्यामुळे ही माझी पदरची कल्पना नाही. बाजाराच्या दिवशी भोंग्याखाली उभं राहून मोबाइलवर बोलावं, तशी त्या डोंगलची गत होते. माउस पाठवतो ते सगळं त्याच्यापर्यंत पोचत नाही; मधलं गळतं आणि पुढचं एकदम येतं. बाण उडी मारतो तो असा. डिस्क स्वस्थ असली की माउसही शहाणा. बॅकअप चालू झाला किंवा अँटिव्हायरसनं डिस्क तपासायला घेतली, की पुन्हा सुरू. अपग्रेड आणि डिस्क एकाच दिवशी आल्यामुळे नाव अपग्रेडवर गेलं.

पडताळा सोपा आहे. 'इजेक्ट' करून डिस्क काढा आणि एखादा दिवस तशीच कामं करा. उड्या थांबल्या तर चोर सापडला. डिस्क कायम लावलेलीच हवी असेल तर दोघांना लांब करा. यूएसबी ३ चं पोर्ट आतून बहुधा निळं असतं, किंवा त्याच्याजवळ 'एसएस' अशी अक्षरं असतात. डोंगल तिथून काढून काळ्या पोर्टमध्ये, शक्यतो पुढच्या बाजूला लावा. त्याहून चांगलं म्हणजे हातभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्या आणि डोंगल टेबलावर माउसजवळ आणून ठेवा. तुमच्या दुकानात सीपीयू टेबलाखाली आणि त्याची पाठ भिंतीला असणार. म्हणजे डोंगल आणि माउस यांच्यामध्ये पत्र्याचा अख्खा डबा आला. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात मी होतो तेव्हा आमची टेबलंही लोखंडी होती. तिथं डोंगल मागं लावलं की माउस हमखास अडखळायचा, आणि साहेब लोक ड्रायव्हर, म्हणजे माउस चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसायचे.

आता दुसरा आजार, न वापरता ठेवला की मरतो तो. याचा संबंध मात्र अपग्रेडशी असू शकतो. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकामी बसलेली यूएसबी उपकरणं झोपवतं. एवढं मोठं अपग्रेड होताना ड्रायव्हर नव्यानं बसतात, आणि पूर्वी कुणी ही सवय बंद करून ठेवली असेल तर ती परत चालू होऊ शकते. माउस रुसलेला असला तरी कीबोर्डवरून तिथं पोचता येतं. विंडोजचं बटण दाबून धरून एक्स, दोन्ही सोडून मग एम. डिव्हाइस मॅनेजर उघडेल. टॅब दाबून यादीत शिरा, खालच्या बाणानं 'युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स' या ओळीपर्यंत जा, उजव्या बाणानं ती उलगडा. आत 'यूएसबी रूट हब' दिसेल. त्यावर एंटर, मग 'पॉवर मॅनेजमेंट'. तिथं वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूण असते, ती काढा. रूट हब एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांची काढा. जुन्या कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्येही 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' अशी ओळ असते. तीही बंद करा. डेस्कटॉपवर यानं वीजबिलात काही फरक पडत नाही.

मात्र एक ध्यानात असू द्या. काही वायरलेस माउस सेल टिकावा म्हणून स्वतःच झोपतात आणि क्लिक केल्याशिवाय उठत नाहीत. एका क्लिकमध्ये उठत असेल तर ती त्याची रीत आहे, आजार नव्हे.

हे दोन्ही उपाय एकाच दमात करू नका. आधी डिस्क, दुसऱ्या दिवशी ती खूण. एकदम केलं तर कशानं गुण आला ते कळायचं नाही. आणि प्रत्येक बदलानंतर 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर ते पूर्ण बंद होतच नाही, निम्मं तसंच गोठवून ठेवतं आणि सकाळी तेच पुढं चालवतं. रीस्टार्टला सगळं नव्यानं उभं राहतं.

अंगठ्याचं मशीन, वेबकॅम, प्रिंटर आणि डोंगल असं सगळं एकाच स्वस्तातल्या हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या डबीवर) लोंबत असेल तर तेही बघा. यूएसबी २ चं एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब तेवढ्यातच सगळ्यांना वाटणी करतो. अंगठ्याचं मशीन थेट सीपीयूला जोडा.

एवढं करूनही गुण आला नाही, तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हाइसेस'खालच्या माउसवर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून रीस्टार्ट करा. साध्या माउसचा ड्रायव्हर विंडोजकडे स्वतःचाच असतो, तो आपोआप परत बसतो. नेटवर 'तुमचे ड्रायव्हर जुने झाले, पैसे भरा' म्हणणारी सॉफ्टवेअरं दिसतील. त्यांच्या नादी लागू नका.

फॉरमॅटला मी का भितो, तेही सांगतो. तुमचं दुकान सीमाभागातलं. एकाच मशीनवर कन्नड अर्जासाठी नुडी आणि पत्रिकेसाठी श्रीलिपी अशी टायपिंगची दोन सॉफ्टवेअरं नांदत असणार. फॉरमॅटनंतर जुने फॉन्ट नि लायसन्स परत बसवायला दिवस जातो. जुन्या फॉन्टातली पत्रिका त्या फॉन्टाशिवाय उघडलीत तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड दिसते. सराईच्या तोंडावर हे कोण निस्तरणार? दुरुस्तीवाल्याला फॉरमॅट सोपं पडतं, कारण फॉन्ट शोधायला तो येत नाही.

परत विंडोज १० वर जावं का, असंही तुमच्या मनात आलं असेल. अपग्रेडनंतर मागं फिरायची सोय साधारण १० दिवसच असते, ती मुदत सरली. शिवाय १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वेगळी नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, तेवढीच काय ती सवलत. तुमच्या मशीनवरून गावाची आधार कार्डं जातात. ११ वरच राहा.

प्रश्न : आमच्या वखारीत हिशेबाला साधा वायरचा माउस आहे. विंडोज ११ झाल्यापासून एकदा क्लिक केलं की दोनदा होतं. सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी-जास्त करून पाहिला, उपयोग शून्य.
– एक व्यापारी, निपाणी

उत्तर : माउस काढा आणि शेजारच्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावा. तिथंही तेच झालं तर विंडोज निर्दोष आहे. माउसच्या बटणाखाली इवलासा स्विच असतो, त्यात धातूची पातळ पट्टी. ती झिजली की एकदा दाबल्यावर थरथरून दोनदा टेकते, आणि कॉम्प्युटर बिचारा दोन क्लिक मोजतो. ही सेटिंगनं जाणारी गोष्ट नव्हे. त्यात निपाणीची वखार म्हणजे तंबाखूचीच असणार, तिथली बारीक पूड कशात शिरत नाही? नवा माउस घ्या. साध्या माउसचा स्विच सोल्डर करत बसण्यात राम नाही.

फक्त फोल्डरच एका क्लिकमध्ये उघडत असतील आणि बाकी सगळं ठीक असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'सिंगल क्लिक टू ओपन' निवडलं गेलंय, ते बदला. फुकटात काम होईल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. ऑक्टोबरच्या अपडेटनंतर कॉम्प्युटर अडला म्हणून दुरुस्तीचा तो निळा पडदा उघडला, तर तिथं माउसही चालेना आणि कीबोर्डही. विंडोज सुरू झालं की दोन्ही ठणठणीत. हे काय गौडबंगाल?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : गुरुजी, तुमच्या बाबतीत दोष खरोखरच अपडेटचा होता. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्यांवर दुरुस्तीच्या पडद्यात यूएसबीचा माउस-कीबोर्ड चालत नव्हता. मायक्रोसॉफ्टनं ते कबूल केलं आणि २० ऑक्टोबरला तातडीची दुरुस्ती दिली, केबी५०७०७७३ या नावानं. तुमचं विंडोज एरवी सुरू होतंय, तेव्हा विंडोज अपडेटमध्ये जाऊन जेवढं बाकी दिसेल तेवढं सगळं घ्या. त्यापुढच्या अपडेटमध्ये ही दुरुस्ती आहेच.

त्या आठवड्यात ज्यांच्याकडे गोल पिनेचा जुना पीएस/२ कीबोर्ड होता त्यांचं मात्र अडलं नाही, कारण तो यूएसबीच्या वाटेनं जातच नाही. तुमच्या सीपीयूला मागं जांभळं किंवा हिरवं गोल पोर्ट असेल तर माळ्यावरचा जुना कीबोर्ड भंगारात घालू नका. जांभळं कीबोर्डचं, हिरवं माउसचं. तो लावायचा तर कॉम्प्युटर आधी पूर्ण बंद करून लावा. यूएसबीसारखी ती पिन चालू मशीनमध्ये खुपसायची नसते.