मावशीचं घर आवरायच्या आधी ते मोजायचंय

"ताई, माझी मावशी तीन महिन्यांपूर्वी गेली. लग्न केलं नव्हतं, शेवटची वीस वर्षं एकटीच राहायची. मृत्युपत्रात तिने मला एक्झिक्युटर, म्हणजे ते अमलात आणणारी, केलंय आणि सगळं मी, मावसभाऊ आणि मामेबहीण अशा तिघांत सारखं वाटायचंय. घराचं दार अर्धंच उघडतं, आत छतापर्यंत पेपर, पिशव्या, डबे, न फोडलेली पार्सलं, दोन खोल्यांत तर पाय ठेवायला जागा नाही. वकील म्हणतात प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून मान्य करून घ्यायला, किमतीसकट यादी लागेल. भाऊ म्हणतो भंगारवाल्याला बोलव, दोन दिवसांत घर मोकळं होईल. बहिणीला मावशीच्या हाराचा जुना इन्शुरन्सचा कागद सापडलाय, त्यावरचा आकडा सोनाराने आत्ता सांगितलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट आहे, म्हणून तिला वाटतंय मी मुद्दाम किंमत कमी दाखवतेय. पुढच्या आठवड्यात किंमत ठरवणारा व्हॅल्युअर येणार आणि मला त्याला आत घ्यायचीच लाज वाटतेय. कधीकधी मावशीचाच राग येतो, मग त्या रागाचीही लाज वाटते. - अर्ध्या दाराशी उभी असलेली भाची"

प्रिय भाची,

आधी भावाचं बोलते कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. भंगारवाल्याला आत्ता अजिबात बोलवू नकोस. भाऊ वाईट आहे म्हणून नाही, त्याला तो ढीग बघवत नसेल, मी समजू शकते, पण एक्झिक्युटर म्हणून तुझं पहिलं काम घर रिकामं करणं हे नाहीच, मावशी गेली त्या दिवशी तिचं काय काय होतं आणि कुणाचं काय देणं होतं हे कागदावर आणणं हे आहे. घर एकदा रिकामं झालं की आत काय होतं हे तू कुणालाच दाखवू शकणार नाहीस, आणि बहिणीच्या मनात आज जी शंका आहे ती कायमची तिथेच राहील.

मी यातून गेलेय म्हणून इतकं ठामपणे सांगतेय. माझे काका गेले तेव्हा आम्ही भावंडांनी एका रविवारी उत्साहाने सगळी रद्दी काढली, खोली कशी छान मोकळी झाली म्हणून खूशही झालो, आणि पाच महिन्यांनी एका कंपनीचं पत्र आलं की मूळ शेअर सर्टिफिकेट पाठवा. काका असले कागद सपाट राहावेत म्हणून मासिकांच्या पानांत ठेवायचे. डुप्लिकेट मिळवायला दीड वर्ष लागलं, प्रतिज्ञापत्रं, सह्या, हेलपाटे. त्याच घरात बटणांचा एक पत्र्याचा डबा होता, तोही आम्ही टाकायच्या पिशवीत घातला होता, माझ्या वहिनीने तो सहज हलवला तर आवाज बटणांसारखा येईना. तळाशी कापसाच्या बोळ्यात अंगठी होती, आतल्या बाजूला भिंगाशिवाय दिसणार नाही असा ७५० चा शिक्का. म्हणजे १८ कॅरेट. (तुलाही असे आकडे दिसतील, ९१६ म्हणजे २२ कॅरेट सोनं आणि ९२५ म्हणजे चांदी, भिंग जवळ ठेव.) तेव्हापासून माझा नियम आहे की प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकायचं, प्रत्येक कोटाचे खिसे, प्रत्येक पर्सचं अस्तर बघायचं, प्रत्येक पाकीट उघडायचं, मग ते लाइट बिलाचं का दिसेना.

आता व्हॅल्युअरची लाज. अगं, त्याने याहून भरलेली घरं बघितलेली असणार. आणि घर आत्ता आहे तसंच त्याला दिसणं तुझ्याच फायद्याचं आहे, कारण प्रोबेटसाठी सर्वसाधारणपणे मृत्यूच्या दिवशीची किंमत लागते, त्या दिवशी घराची आणि वस्तूंची जी अवस्था होती त्या अवस्थेतली. ओल धरलेल्या भिंती, खचलेली फरशी, सामानाने अडलेल्या खोल्या, हे सगळं त्या अवस्थेत येतं. म्हणून त्याच्या आधी तू फक्त एवढंच कर, दारापासून सुरुवात करून मोबाइलवर सलग व्हिडिओ काढ, मग खोलीनिहाय फोटो, कपाटं उघडून, ड्रॉवर ओढून, आणि त्याच दिवशी तिघांनाही पाठव. सामान हलवायचं ते जाण्यायेण्यापुरतंच.

ते हलवताना मात्र एकटी जाऊ नकोस. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या होमर आणि लँग्ली कोलियर या भावांबद्दल ऐकलं असशील, १९४७ मध्ये ते दोघे आपल्याच घरात मेलेले सापडले, लँग्ली स्वतः रचलेल्या ढिगाखाली चिरडला गेला होता आणि त्याच्यावर अवलंबून असलेला आंधळा होमर उपाशी मेला, त्या घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं. तुला घाबरवायला सांगत नाहीये, पण कागदाचा ढीग किती जड असतो हे आपल्या लक्षात येत नाही. वरून खाली काढायचं, मधून ओढायचं नाही. मास्क, हातमोजे, बंद बूट. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही, आधी जंतुनाशकाने ओलं करून मग पुसून घ्यायचं. आणि हो, घराचा इन्शुरन्स असेल तर घरात आता कुणी राहत नाही हे कंपनीला लगेच कळव, बऱ्याच पॉलिसींमध्ये घर ठराविक दिवस बंद राहिलं की कव्हर कमी होतं. कुलूपही बदलून घे, किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत देव जाणे.

बहिणीच्या कागदाबद्दल. तिचा राग चुकीच्या माहितीवर उभा आहे, आणि ही माहिती बहुतेकांना नसतेच, त्यामुळे तिला खोटी ठरवायला जाऊ नकोस. इन्शुरन्सच्या कागदावर जो आकडा असतो तो सहसा तसाच हार दुकानातून नवा घ्यायला किती पडेल याचा असतो, त्यात घडणावळ, दुकानदाराचा नफा, कर सगळं धरलेलं असतं. प्रोबेटला लागते ती तोच हार मावशी गेली त्या दिवशी खुल्या बाजारात विकला असता तर काय आले असते ती किंमत. दोन्ही आकडे खरे, प्रश्न वेगळे. पण नुसतं तू सांगून तिला पटणार नाही. सोनाराने तोंडी सांगितलेल्या आकड्यावर अजिबात थांबू नकोस, लेखी रिपोर्ट घे, त्यात वजन, शुद्धता, खडे वेगळे, कुठल्या तारखेची किंमत आणि कुठल्या आधारावर, खाली सही. आणि व्हॅल्युअर तोच माणूस नको जो नंतर तो हार विकत घ्यायची ऑफर देतोय, हे मी अगदी हात जोडून सांगते, ज्याला स्वस्तात घ्यायचंय तो किंमत कशी सांगेल. शक्य असेल तर बहिणीलाच म्हण, वजन करताना तू समोर बस.

सगळ्याच गोष्टींना एवढा खटाटोप लागत नाही. जुन्या खुर्च्या, भांडी, चादरी यांची किंमत बहुतेकदा एकत्रित लिहिता येते आणि ती ऐकून तुम्ही तिघंही हिरमुसाल, वापरलेल्या सामानाला फार थोडे पैसे येतात. नाणी, स्टॅम्प, घड्याळं, चित्रं, जुनी पुस्तकं निघाली तर त्या त्या जाणकाराला दाखव, आणि तोपर्यंत काहीही चकचकीत करू नकोस! नाणं घासलं की त्याची किंमत उतरते. घड्याळाचा रिकामा बॉक्स आणि जुनं वॉरंटी कार्डसुद्धा फेकू नकोस, त्याने किंमत वाढते.

आणखी एक, जे सांगायला अवघड जाईल. यादी होईपर्यंत घरातून कुणीही काहीही न्यायचं नाही, "मावशीने मला देईन म्हटलं होतं" तेही नाही, आठवणीचा फोटोही आधी यादीत. तूसुद्धा. आणि देणी भागायच्या आधी वाटप करू नकोस, कारण वाटून झाल्यावर मावशीकडून पैसे यायचे असलेला कुणी उभा राहिला तर ते तुझ्या स्वतःच्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते. घर साफ करण्याचा वाजवी खर्च सहसा मावशीच्याच मालमत्तेतून जातो, तेव्हा पावत्या जपून ठेव, तू एकटीने सोसू नकोस. नंतर काही सापडलं तर घाबरायचं नाही, वकिलाला सांगून यादी दुरुस्त करता येते. नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात, म्हणून हे सगळं वकिलासमोर एकदा मांडच, आणि त्यांना हेही विचार की तुला हे काम सोडायचं असेल तर आत्ता सोडता येईल का. कारभार एकदा हातात घेतला की त्यातून बाहेर पडणं अवघड होत जातं. तू सोडावंस असं मी म्हणत नाहीये, पण दार आहे की नाही हे तुला माहीत असायला हवं.

आणि राग. येऊ दे गं. ज्या माणसावर आपण प्रेम केलं त्याने मागे एवढं ठेवून जावं आणि आपल्याला ते एकेक पिशवी करून उचलावं लागावं, राग येणारच. तू वाईट नाहीस. फक्त एक लक्षात घे, वस्तू टाकताच न येणं आणि टाकायच्या विचारानेही जीव कासावीस होणं याला २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानाच्या पुस्तकात, डीएसएम-५ मध्ये, स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळालीय. तुझ्या मावशीला तो होता का हे मला सांगता येणार नाही, पण ती आळशी होती, घाणेरडी होती असं भाऊ म्हणाला तर ते ऐकून घेऊ नकोस. कदाचित म्हणूनच ती तुम्हाला कुणाला घरात घेत नव्हती. तुला आज त्या दाराशी उभं राहून जी लाज वाटतेय ती तिने वीस वर्षं एकटीने सोसली असेल.

रोज दोन तासच काम कर, त्याहून जास्त नाही, थकलं की हात आपोआप फेकायला लागतात. एक पेटी फक्त "कळत नाही" साठी ठेव, त्यात काहीही टाकलं तरी चालेल. पहिल्या दिवशी बहिणीला सोबत ने. तिला म्हण, तू पुस्तकं झटक, मी लिहिते.

तुझी,
ताई