आत्याला आणि आजीला (वडिलांच्या आईला) ब्रेस्ट कॅन्सर झाला होता. वडिलांकडून तो मला येऊ शकतो का? नाशकात राहते, टेस्ट करून घेऊ का?

येऊ शकतो. "बापाकडचं मोजायचं नसतं" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं ते साफ चुकीचं आहे, आणि हे मी नाशकात चांगल्या शिकलेल्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायचं पण सोडून दिलंय.

मी डॉक्टर नाही. बीएस्सीच्या पोरांना जेनेटिक्स शिकवते, आणि मावशीच्या निमित्ताने आमच्या घरात हे सगळं होऊन गेलंय.

तुम्ही लिहिलंय की आत्याला ३९ व्या वर्षी झाला, त्या आता बऱ्या आहेत, आजी गेल्या, तुमचं वय २८. यातला ३९ हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मेरी-क्लेअर किंग म्हणून अमेरिकेतल्या जेनेटिसिस्ट आहेत, त्यांनी सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात हे काम हातात घेतलं तेव्हा एका जीनमुळे कॅन्सर घराण्यात उतरतो हे फारसं कोणी मानत नव्हतं. अडचण अशी की हा आजार इतका कॉमन आहे की एकाच घरात दोन-तीन बायकांना नुसत्या योगायोगाने पण होतो, मग खरी आनुवंशिक घरं ओळखायची कशी? त्यांच्या टीमने २३ कुटुंबं घेऊन ती कॅन्सर कोणत्या वयात झाला त्याप्रमाणे लावली, आणि जिथे बायकांना कमी वयात झाला होता त्या घरांमध्ये १७ व्या क्रोमोसोमच्या (क्रोमोसोम म्हणजे पेशीतले धागे, ज्यांवर जीन असतात) एका भागाशी संबंध चक्क दिसायला लागला, उतारवयात झालेल्या घरांमध्ये काही नाही. हे १९९० साली. म्हणजे नाशिक जिल्ह्यात निफाड तालुका सापडला, घर अजून नाही. प्रत्यक्ष जीन, ब्राका-१ (BRCA1), १९९४ ला अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या दुसऱ्याच टीमने शोधला, आणि पुढच्या वर्षी १३ व्या क्रोमोसोमवरचा ब्राका-२ सापडला. (यूटातल्या कंपनीने मग पेटंट घेऊन टेस्ट वर्षानुवर्षं महाग ठेवली, २०१३ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निसर्गातल्या जीनवर पेटंट चालणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा कुठे ते सुटलं.)

हे दोन्ही जीन सगळ्यांकडेच असतात, तुटलेला डीएनए दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यातला बिघाड वारशाने येतो. १७ आणि १३ हे क्रोमोसोम बाईचे वेगळे आणि पुरुषाचे वेगळे असं काही नसतं, त्यामुळे वडिलांमध्ये बिघाड असेल तर प्रत्येक मुलाकडे, मुलगी असो की मुलगा, तो जायची शक्यता निम्मी. पुरुषांना स्वतःला ब्रेस्ट कॅन्सर क्वचित होतो (प्रोस्टेटचा धोका मात्र वाढतो, खासकरून ब्राका-२ मध्ये), म्हणून बिघाड त्यांच्यातून गुपचूप पुढे सरकतो. किंग यांनी इस्रायलमधल्या सहकाऱ्यांबरोबर २०१४ ला दाखवलं की असा बिघाड सापडलेल्या जवळपास निम्म्या कुटुंबांत टेस्टचा विचार करावा असा कॅन्सरचा इतिहासच नव्हता, कारण घरं लहान आणि जीन पुरुषांकडून आलेला.

आता टेस्टचं. पहिली तुमची करू नका, आत्यांची करा. लोक इथेच पैसे घालवतात. ज्याला कॅन्सर झालाय त्याच्यात बिघाड सापडला तर नेमकं काय शोधायचं ते कळतं, मग वडिलांची, आणि त्यांच्यात नसेल तर तुमचा प्रश्न मिटला, निदान त्या बाजूचा तरी. आमच्याकडे तसंच झालं, मावशीत सापडला, आईत नाही, म्हणून मी आणि भाऊ टेस्टच्या वाटेला गेलोच नाही. उलट आत्यांची न करता तुमची निगेटिव्ह आली तर त्याचा अर्थ धड लागत नाही, कारण घरातला बिघाड कदाचित दुसऱ्याच जीनमध्ये असेल. वडील "मला काय धाड भरलीये" म्हणतील, त्यांना म्हणा तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी द्या.

रिपोर्टमध्ये कधीकधी "अर्थ अनिश्चित" असा बदल येतो, व्हीयूएस म्हणतात त्याला. आपल्या लोकांचा डेटा कमी असल्याने आपल्यात हे जास्त होतं. तो पॉझिटिव्ह नाही, त्यावरून कोणी ऑपरेशन सुचवलं तर उठून या.

खरंच पॉझिटिव्ह आलं तर ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सरचा धोका साधारण ७० टक्के धरतात, आणि ओव्हरीचा पण वाढतो, ब्राका-१ मध्ये बराच. पण लगेच अँजेलिना जोलीसारखं स्तन काढून टाकायचं ऑपरेशनच करावं असं नाही, तुमच्या वयात दरवर्षी एमआरआय, तिशीनंतर मॅमोग्राफी जोडीला, असं लक्ष ठेवता येतं. ओव्हरीसाठी मात्र तपासणी भरवशाची नाही, तिथे मुलं झाल्यावर काढून टाकायचाच सल्ला देतात.

रक्त नाशकातच देता येतं, सॅम्पल बाहेर जातं. पण आधी जेनेटिक काउन्सिलरशी बोला, टाटाच्या खारघरच्या सेंटरला यासाठी वेगळी क्लिनिक आहे. जायच्या आधी वडिलांकडच्या म्हाताऱ्या माणसांना नीट विचारा, आणि "कॅन्सर कोणाला होता" असं नका विचारू, तसं कोणी सांगत नाही. "पोटात पाणी होऊन कोण गेलं", "कोणाला टाटाला नेलं होतं" असं विचारा, जुनी ओव्हरीची केस बऱ्याचदा अशीच लक्षात राहिलेली असते. आत्यांचा बायोप्सीचा रिपोर्ट मिळाला तर तो पण घेऊन जा, त्यावर ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे कॅन्सरच्या पेशींवर नेहमी तपासतात ते तीनही रिसेप्टर नाहीत) लिहिलेलं असेल तर टेस्ट करा असं ते स्वतःच सांगतील.