नॉर्वेत एका माणसाच्या जिवावर उभी राहिलेली रेकॉर्ड कंपनी होती का?

होती. तेव्हा ४० लाखांच्याही आत वस्ती असलेल्या देशात रेकॉर्डचा धंदा एकट्याने कुणी उभा केला का, हा तुमचा प्रश्न वाचताच मला आर्ने बेंडिक्सेन आठवला.

बर्गनमध्ये १९२६ साली जन्मलेला हा मुळात गायक. १९६४ला कोपनहेगनच्या युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत तो नॉर्वेकडून गायला आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावाने कंपनी काढली. गाणं लिहायला हाच, गायिका हेरायला हाच, रेकॉर्ड काढायलाही हाच. त्याने लिहिलेलं गाणं गाऊन १९६६ला ओसे क्लेवेलांड युरोव्हिजनमध्ये तिसरी आली, पुढे ती देशाची सांस्कृतिक मंत्री झाली. १९६९ला मात्र त्याच्याच गाण्याला एक गुण मिळाला आणि नॉर्वे तळाला गेला. नॉर्वेत त्याला ‘पॉपचा बाप’ म्हणतात ते उगीच नाही.

पण मला त्याच्या गाण्यांपेक्षा त्याचा ओस्लोमधला स्टुडिओ जास्त मोलाचा वाटतो. तिथे १९६७पासून यान एरिक कोंगशाउग हा तरुण ध्वनिमुद्रक होता. १९७०च्या सप्टेंबरमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा यान गारबारेक आणि त्याचे साथीदार म्युनिकच्या ईसीएम या नव्या कंपनीसाठी रेकॉर्ड करायला बसले, ते आधी शहराबाहेरच्या एका कलासंग्रहालयात. तिथे आवाज इतका घुमायला लागला की काही जमेना. मग सगळे बेंडिक्सेनच्या स्टुडिओत आले आणि दोन दिवसांत काम झालं. पॉप गाण्यांसाठी बांधलेल्या त्याच खोलीत पुढच्या वर्षी अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेटने एका दिवसात एकट्या पियानोची अख्खी रेकॉर्ड केली.

कोंगशाउगने १९८४ला स्वतःचा रेनबो स्टुडिओ काढला. तिथे १९८६च्या डिसेंबरात आपले झाकीरभाई, हरिप्रसादजी, गिटारवाला जॉन मॅकलॉफ्लिन आणि गारबारेक एकत्र बसले. ती ‘मेकिंग म्युझिक’ची रेकॉर्ड माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ओस्लो लिहिलेलं पाहिलं आणि तिथून मी उलट शोधत बेंडिक्सेनपर्यंत पोहोचलो.

हेडफोन लावून ऐका. बासरीत फुंकर शिरते ती आणि डग्ग्याचा घुमारा विरत जातो तो, दोन्ही एकमेकांना न झाकता ऐकू येतात.