आजी ‘हो’ म्हणतात, पण इन्शुलिन घेत नाहीत

प्रश्न : डॉक्टर, मी मूळची सांगलीची. कॅलिफोर्नियात फ्रेस्नोच्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ आहे. मेक्सिकोहून आलेल्या एक आजी मधुमेहासाठी येतात. प्रत्येक सूचनेला ‘हो’ म्हणतात, पण घरी इन्शुलिन टोचत नाहीत. सोबत मुलगी, सून, नातू, बोलते मुलगीच. सगळ्यांना बाहेर बसवून आजींशी बोलू का?

उत्तर : बाहेर मुळीच बसवू नका. टेक्सासमधल्या एल पासोत मी वर्षानुवर्षं मेक्सिकन कुटुंबांवर उपचार केले. इन्शुलिन घ्यायचं की नाही, हे तिथे सगळं घर मिळून ठरवतं. आजींची हरकत नसेल तर मुलीलाही खुर्ची द्या. पेशंटची संमती असली की गोपनीयतेचा कायदा आड येत नाही.

आजींचा ‘हो’ तुमचा मान राखण्यासाठी आहे. दवाखान्यातल्या माणसाला तोंडावर नकार देणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. तेव्हा ‘समजलं ना?’ असं विचारूच नका. ‘तुमच्या नात्यात कोणी इन्शुलिन घेतलं होतं का? पुढे काय झालं?’ असं विचारा. मला कितीदा तरी हेच ऐकायला मिळालं : मावशीला इन्शुलिन सुरू केलं आणि तिची दृष्टी गेली. त्या खोटं सांगत नसतात, त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मावशीला इन्शुलिन मिळालं तेच फार उशिरा. तोवर वाढलेल्या साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झालेला असतो. हे मुलीसमोर, कागदावर डोळा काढून, सावकाश सांगा. घाई केलीत तर विश्वास बसणार नाही. त्याआधी दोन मिनिटं घरच्यांची चौकशी करा, ती वाया जात नाहीत.

नातू शाळकरी असेल तर त्याला दुभाषा करू नका. अमेरिकेच्या 2010च्या आरोग्य कायद्यातल्या कलम 1557च्या नियमांनुसार तातडीच्या प्रसंगाखेरीज ते चालत नाही. आणि आजीच्या आजाराचं ओझं पोरावर का टाकायचं? फ्रेस्नोत मेक्सिकोच्या ओआहाका राज्याकडची, मिश्टेक ही तिथली आदिवासी भाषा बोलणारी माणसंही खूप आहेत. आजींची घरची भाषा स्पॅनिशच आहे ना, तेही विचारून घ्या. क्यूबाच्या किंवा प्वेर्तो रिकोच्या घरात पुन्हा वेगळं चित्र दिसेल.

घरगुती उपायांची चौकशी करा, पण न रागावता. निवडुंगाची भाजी, कॅमोमाइलचा काढा खुशाल चालू दे. मात्र पोट जड झालं की पोरांना ‘ग्रेता’ किंवा ‘असार्कोन’ नावाची पिवळी-नारिंगी पूड देतात, तिच्यात शिसं असतं. ती घरात सापडली तर लगेच बंद करायला लावा आणि नातवाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या.