रात्रीत वाळेल तेच

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. जुलैत पेरू देशात जायचं, म्हणजे तिकडे हिवाळा, म्हणून पहिल्याच ओळीत गुडघ्यापर्यंतचा जाड कोट. खाली जंगलासाठी सात सुती कुर्ते. शेवटी प्रश्न, ‘एक मोठी बॅग घेऊ की दोन?’ मोठी एकही नको. रात्रीत वाळेल तेच घ्यायचं.

‘तिकडे हिवाळा’ एवढ्यानं भागत नाही. पेरूची राजधानी लिमा मुंबईपेक्षा विषुववृत्ताला जवळ, तरी जुलैत तिथं 15 ते 19 अंश, कारण किनाऱ्यालगत हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो. पाऊस जवळजवळ नाहीच, पण आभाळ सतत राखाडी आणि हवा इतकी दमट की टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच. पुढे अँडीज पर्वतातलं कुस्को शहर, 3,400 मीटर उंचीवर. हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश उतरतात, हिशोब तू कर. तिथला हिवाळा म्हणजे कोरडा ऋतू: दुपारी ऊन चटके देतं, रात्री पारा शून्याला टेकतो. इंकांचं प्राचीन माचू पिचू त्याहून जवळजवळ हजार मीटर खाली, त्यामुळे तिथं जाताना थंडी वाढत नाही, कमी होते. आणि मग पुएर्तो माल्दोनादो, ॲमेझॉनच्या खोऱ्यात, जिथं नुसतं बसूनही घाम फुटतो. तिथंही दक्षिणेकडून थंड हवेची लाट आली की दोन-चार दिवस स्वेटर घालावा लागतो.

आता सांग, तुझा तो कोट यांतल्या किती ठिकाणी अंगावर राहील? कुस्कोच्या रात्रीपुरता. बाकी सगळीकडे तू त्याचं हमालकाम करणार.

पातळ लोकरीचे दोन टी-शर्ट, एक फ्लीस (मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा स्वेटर), वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, थर्मलचा एक जोड, कानटोपी. गारठलीस की सगळं चढव, ऊन आलं की एकेक उतरव. तरी हुडहुडी भरली तर कुस्कोच्या बाजारात अल्पाकाचा, म्हणजे तिकडच्या एका प्राण्याच्या लोकरीचा, स्वेटर मिळतो. फार स्वस्तात ‘बेबी अल्पाका’ म्हणून गळ्यात मारतील ते बहुधा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, असतं. जंगलासाठी सुती नकोच. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. कुर्ते सात असोत नाहीतर सतरा, तिथं सगळे ओलेच राहतील. जीन्सबद्दल मी बोलणारही नाही.

माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर आषाढ चालूच आहे, फुकटची परीक्षा. यादीतला एकेक कपडा आज रात्री धू, टॉवेलात गुंडाळून पीळ, घरातल्याच दांडीवर टाक. पंखा लावायचा नाही. सकाळी ओला लागला तर तो इथंच राहील. आपल्या पावसात वाळलं ते लिमात वाळेल.

कठोर वाटतोय ना? उमेदीची सगळी वर्षं मी सहली नेल्या. पैसे भरून आलेल्या माणसाला ‘ही बॅग हलकी करा’ असं सांगता येत नाही. बसच्या पोटात लोकांचे न वापरलेले कोट कोंबताना गप्प बसलो, त्याची खंत अजून आहे. ती आता तुझ्यावर निघतेय. निघू दे. घरचे म्हणतात, तुमच्या सगळ्या फोटोंत तोच राखाडी शर्ट. असेना! तो रोज धुतलेला असायचा, आणि सामानाच्या पट्ट्यापाशी मी कधी ताटकळलो नाही. इतरांच्या फोटोंत रोज नवा कपडा आणि पाठीला पट्टा, हे त्यांना दिसत नाही.

जड बूट विमानात पायातच घाल.

आईची शाल नेऊ का, असं विचारलंयस. ने. यात नियम मोडत नाही. ती पातळ लोकरीची आहे, आणि तशी शाल रात्रीत वाळते. मी वाळवून पाहिली आहे.

तुझा,
काका