रूपांतरित रिव्हॉल्व्हर: आधी काडतूस बघा

काळ्या दारूच्या, म्हणजे सुटी बंदुकीची दारू आणि गोळी भरायच्या जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरला काडतुसाचा सिलिंडर (काडतुसं बसणारा फिरता भाग) लावला, तर कोणती काडतुसं चालतात, असं विचारलंत. गोव्यातून विचारलंत, म्हणून आधी कायद्याचं. काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरला इथे घरी काडतुसाचा सिलिंडर लावायचा विचारही नको. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय रूपांतर हा गुन्हा आहे. परदेशातल्या अधिकृत रेंजवर चालवणार असाल, तर पुढचं वाचा.

फ्रेम पितळी असेल तर विषय तिथेच संपला. पोलादीच हवी.

काडतूस चेंबरमध्ये सहज बसलं म्हणजे चालतं, हा नवख्यांचा सगळ्यात महागडा गैरसमज. .४५ कोल्ट या प्रकारातली शिकारीची जोरदार काडतुसंही सौम्य काडतुसांच्याच मापाची असतात! खोक्यावर 'काउबॉय' लिहिलेली (सौम्य), साध्या शिशाच्या गोळीचीच घ्या. तांब्याचं कवच नको, '+पी' (जास्त दाबाचं) नको.

.३६ कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वेगळीच गोम आहे. नळी साधारण .३७५ इंचाची, त्यात वापरायच्या .३८ स्पेशल काडतुसाची गोळी .३५८ ची. सैल गोळी नळीतल्या पीळदार खाचा धरत नाही, निशाण्यावर आडवी लागते. त्यासाठी बुडाशी पोकळ, मऊ शिशाची गोळी वापरतात. दाबाने बूड फुलतं आणि खाचा पकडतं.

चाप ओढल्यावर

- काहीच झालं नाही: नळी निशाण्याकडेच, निदान ३० सेकंद.
- नुसतं 'फुस्स' झालं: तितकंच थांबा, सिलिंडर काढा, नळीत सळई घालून बघा. अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली की नळी फुगते किंवा फाटते.

काडतुसं चामडी पट्ट्यात साठवू नका. पावसाळ्यात आपल्या तांब्याच्या भांड्यांवर येतो तसा हिरवा थर पितळेवर चढतो. रिकाम्या काडतुसांत स्वतः दारू-गोळी भरणं? इतक्यात नको.