आठवा लागल्यावर घरातली कामं: परदेशात दोघंच असताना

आठवा महिना लागला की पाठ, पोटऱ्या आणि ओटीपोट एकदमच बोलायला लागतात. पुण्या-नाशिकला असतं तर पोळ्यांना बाई, भांड्यांना बाई आणि ‘तू बस गं’ म्हणणारं घरात कुणीतरी असतं. इथे आई यायला अजून महिना-दीड महिना असतो, आणि तोवर दोघांनीच निभवायचं असतं. अशा वेळी ‘विश्रांती घे’ हा सल्ला खरा असला तरी उपयोगाचा नसतो, कारण संध्याकाळी पानात काहीतरी लागतंच. म्हणून कामांची यादी कमी करण्याआधी कामांची उंची, वजन आणि वेळ बदला. शेवटच्या दहा-बारा आठवड्यांत अंगावर येतं ते वाकणं, उचलणं आणि एका जागी उभं राहणं. बसून, कंबरेच्या उंचीवर, तुकड्यातुकड्याने केलेला तोच स्वयंपाक बहुतेकींना झेपतो.

कारण साधं आहे. संप्रेरकांमुळे कंबरेचे आणि ओटीपोटाचे सांधे धरून ठेवणारे बंध सैल झालेले असतात. पोट पुढे आलं की तोलही पुढे सरकतो आणि तो सावरायला कंबर आत वळते. त्यात खाली वाकून काही उचललं की सगळा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो.

आता ओटा. अमेरिकेतल्या घरांत ओट्याची उंची साधारण ३६ इंच असते. तुमची उंची पाच फूट एक-दोन इंच असेल तर त्यावर पोळपाट ठेवल्यावर तो जवळजवळ कोपराच्या बरोबरीला येतो. मग लाटताना खांदे वर जातात, मानेत कळ येते, आणि पोट आडवं येत असल्यामुळे हात लांबवून लाटावं लागतं. पोळ्या जेवणाच्या टेबलावर बसून लाटा. पण नुसतं खुर्चीवर बसलं तर पोळपाट छातीशी येतो, म्हणून बुडाखाली घट्ट उशी घेऊन तीन-चार इंच उंच बसा आणि पायाखाली पाट घ्या. मऊ उशी दबते, तिचा उपयोग नाही. लाटणारी एक आणि भाजणारा दुसरा, ही विभागणी या दिवसांत सर्वांत चांगली.

कणीक मात्र हाताने मळू नका. शेवटच्या महिन्यांत अंगातल्या पाण्यामुळे मनगटातली नस दाबली जाते आणि बोटांना मुंग्या येतात. रात्री त्या वाढतात, सकाळी मूठ वळत नाही. मळणं, पिळणं, किसणं या हालचालींनी हा त्रास वाढतो. फूड प्रोसेसर किंवा स्टँड मिक्सर असेल तर त्याला लावा, नसेल तर कणीक मळणं हे नवऱ्याचं काम. अर्धा किलो पिठाला ३०० ते ३२५ मिली पाणी, दोन चमचे तेल, आणि ४० ग्रॅमचा गोळा धरला तर वीस पोळ्या होतात. वजनकाट्यावर मोजून घेतलं की पहिल्यांदा मळणाऱ्यालाही जमतं.

शनिवारी अशा चाळीस पोळ्या करून फ्रीजरमध्ये टाकता येतात. त्या पूर्ण भाजायच्या नाहीत. दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस सेकंद, फिके ठिपके येईपर्यंतच. मग कापडावर एकेक पसरून पूर्ण गार होऊ द्या, मध्ये बटर पेपर घाला आणि हवा काढून पिशवीत भरा. गडबड बहुतेक इथेच होते: कोमट असताना पिशवी बंद केली तर वाफेचा बर्फ होतो आणि पोळ्या एकमेकींना चिकटतात. कडा तडकत असतील तर कणीक घट्ट झाली होती, पुढच्या वेळी दोन चमचे पाणी जास्त घाला. खायच्या वेळी फ्रीजरमधून थेट तापलेल्या तव्यावर टाका.

वरणही असंच. दोन वाट्या तूरडाळ इलेक्ट्रिक प्रेशर कुकरला एकदा लावली की दोघांच्या तीन-चार जेवणांचं काम होतं. एका जेवणापुरते डबे भरून फोडणी न देता गोठवा, फोडणी त्या दिवशी ताजी द्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घालून ठेवलं तर एका उसळीला चार-पाच तुकडे पुरतात. बटाट्याची भाजी गोठवू नका, ती पाणचट आणि भुसभुशीत होते. कढी फाटते. भात उरला तर बाहेर राहू देऊ नका: पसरट भांड्यात गार करून तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून, आणि एकदाच. मोड आलेली मटकी, मूग चांगले शिजवूनच खा. कच्च्या मोडांची कोशिंबीर बाळंतपणापर्यंत नको, कारण मोड यायला लागणाऱ्या ऊबदार ओलाव्यात जंतूही वाढतात आणि धुऊन ते जात नाहीत.

गॅसपाशी उभं राहणं सलग वीस मिनिटांवर नेऊ नका. उभं राहताना एक पाय चार-सहा इंचांच्या पाटावर ठेवून मधून मधून पाय बदलला तर कंबरेला आराम मिळतो. मात्र चालताना, कुशीवर वळताना जांघेत किंवा ओटीपोटाच्या पुढच्या हाडात कळ येत असेल तर हा उपाय तुमच्यासाठी नाही. तिथे एका पायावर भार देणंच दुखणं वाढवतं. अशा वेळी सलवार-पँटही बसूनच घाला, जिने एकेक पायरी करून चढा, आणि मोटारीत बसताना आधी बूड टेकून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी ठेवली तर अंग सहज फिरतं, मात्र गाडी सुटण्याआधी ती काढून टाका. मागच्या शेगडीवर काही ठेवू नका, पोटामुळे हात लांबवताना बाही जाळावर जाते. पाच लिटरचा कुकर भरला की सहज पाच-सहा किलोंचा होतो. तो रिकामाच शेगडीवर ठेवा, पाणी तांब्याने घाला, आणि उतरवायला दुसऱ्याला हाक मारा.

इथल्या किराण्याचं वजनही मोजून बघा: अमेरिकेतलं दुधाचं एक गॅलन जवळजवळ चार किलो, पिठाची २० पौंडांची पोतडी नऊ किलो. दोन्ही घरपोच मागवा, आणि पीठ आल्या आल्या दोन-दोन किलोंच्या डब्यांत कंबरेच्या उंचीवर लावून टाका. रोज लागणारं काहीही गुडघ्याखाली किंवा डोक्यावर नको. स्टुलावर चढणं पूर्ण बंद.

कपडे, व्हॅक्यूम, बाथरूम घासणं, कचरा: ही कामं नवऱ्याने घ्यावीत, आणि पुरती घ्यावीत. मळक्या कपड्यांपासून घडी कपाटात जाईपर्यंत सगळं एकाचंच. अर्धं काम घेतलं की उरलेलं आठवण करून देण्याचं ओझं तिच्याच डोक्यावर राहतं, आणि ते ओझं टोपलीपेक्षा हलकं नसतं. वरून कपडे टाकायच्या मशीनच्या तळाशी पोट सांभाळत हात घालणं, कपड्यांची टोपली पोटापुढे धरून पायऱ्या न दिसता तळघरात उतरणं, हे तर अजिबात नको. टबमध्ये उभं राहून अंघोळ करावी लागत असेल तर आत रबरी मॅट घाला आणि भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या. टबाची कड ओलांडतानाच तोल जातो. बर्फ उपसणं हिच्या वाट्याला येऊ नये.

‘नवव्यात उकिडवं बसून फरशी पुस, सुटका सोपी होते’ असं फोनवर सांगितलं जातंच. डॉक्टरने मनाई केली नसेल आणि कुठे दुखत नसेल तर उकिडवं बसण्यात वाईट काही नाही, आधार धरून दोन मिनिटं बसा. पण त्यासाठी ओली, निसरडी फरशी कशाला? रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर चाला. एरंडेल तर स्वतःहून मुळीच घेऊ नका: जुलाब आणि उलट्या होऊन अंगातलं पाणी जातं, आणि कळा सुरू होतीलच असं नाही.

रात्रीचं वेगळंच दुखणं. २८ व्या आठवड्यानंतर झोपताना कुशीवर झोपा, डावी-उजवी दोन्ही चालते. उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो आणि बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. मध्येच जाग आली आणि पाठीवर असलात तर घाबरू नका, कूस बदला आणि झोपा. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, घोट्यापर्यंत जाईल अशी, एक पातळ उशी पोटाखाली, एक पाठीशी. नुसती गुडघ्यांत उशी घेतली आणि पाऊल खाली लोंबत राहिलं तर कंबर पिळली जाते. उठताना सरळ उठून बसू नका. कुशीवर व्हा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा द्या.

छातीत जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि थोडंच. डोक्याखाली उशांचा ढीग लावला की पोट दुमडतं आणि जळजळ वाढते. त्यापेक्षा पलंगाचे डोक्याकडचे पाय चार ते सहा इंच उंच करा. डॉक्टरने आम्लपित्ताची गोळी दिली असेल तर ती आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहा किंवा दुधाबरोबर तर नकोच, लिंबाच्या पाण्याबरोबर चांगली लागू पडते. लोहामुळे बद्धकोष्ठ झालं तर इसबगोल चालतो, पण पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर. पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पंजा स्वतःकडे ओढा, मग चार पावलं चाला. एकाच पायाला सूज, लाली आणि दुखणं असेल तर ते गोळा म्हणून सोडून देऊ नका, रक्ताची गुठळी असू शकते.

भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्याबद्दल थोडं कठोर बोलावंच लागेल. आयबुप्रोफेन आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या २० व्या आठवड्यानंतर डॉक्टरने सांगितल्याशिवाय नकोत, कारण बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. कंबरेला चोळायच्या कित्येक जेलमध्ये डायक्लोफिनॅक असतं, ते त्याच जातीचं. ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. भारतातून मागवलेल्या भस्म-रसायनांच्या गोळ्याही नकोत. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात अशी औषधं घेणाऱ्या सहा गर्भवतींच्या रक्तात शिसं सापडलं होतं.

आणि काही गोष्टींत ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. जोरदार डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर-हातांवर एकाएकी सूज: रक्तदाब तपासायला लगेच जायचं. घरी यंत्र असेल आणि आकडा १४०/९० किंवा वर असेल तर काही दुखत नसलं तरी फोन करा. तळहात-तळपायांना रात्री सुटणारी खाज, अंगावर पुरळ नसताना, ही यकृताची खूण असू शकते. रक्तस्राव, पाणमोट फुटणं, ३७ आठवड्यांआधी ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, आणि सर्वांत महत्त्वाचं, बाळाची नेहमीची हालचाल मंदावणं, यासाठी रात्री दोनलाही फोन करायचा. गोड खाऊन, गार पाणी पिऊन बाळ हलतंय का बघत तास घालवू नका.

आई कधी येणार हे व्हिसावरही ठरतं. अमेरिकेत पाहुण्यांना बहुधा सहा महिन्यांची मुदत मिळते, ब्रिटनमध्येही सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, तेव्हा ३५-३६ व्या आठवड्यात बोलावलं तरी चालतं. जर्मनी, नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवसच. तिथे ३४ व्या आठवड्यात बोलावलं तर बाळ दीड महिन्याचं असताना तिला परतावं लागतं. ३७-३८ वा आठवडा बरा, तोवर फ्रीजर आहे. जर्मनीत गर्भारपणामुळे घर चालवणं अशक्य झालं आणि घरात दुसरं कुणी ते करू शकत नसेल तर सरकारी आरोग्य विम्याकडे ‘हाउसहाल्ट्सहिल्फे’ मागता येते. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते. नेदरलँड्समधली ‘क्रामझोर्ग’, म्हणजे बाळंतपणानंतर घरी येणारी मदतनीस, हिची नोंद आठव्या महिन्यापर्यंत लांबवू नका, तोवर जागा भरलेल्या असतात.

आई-बाबांनी डांग्या खोकल्याची लस बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेली असावी, म्हणजे ती भारतातच घेऊन यायला सांगा. आई आल्यावर पहिल्या दिवशी तिला इंडक्शनची शेगडी, धुराचा अलार्म आणि दाराचं कुलूप दाखवा. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद लावा: अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, खाली दवाखान्याचा नंबर, नवऱ्याचा नंबर, आणि घराचा पत्ता देवनागरीत, इथल्या उच्चारानुसार लिहून. आईला तो एकदा मोठ्याने वाचायला लावा.